मलानी, नलिनी

मलानी, नलिनी : (१९ फेब्रुवारी १९४६ – ). समकालीन भारतीय चित्रकर्त्री व मांडणशिल्पकार. १९४७ च्या फाळणीमुळे घडलेले सक्तीचे स्थलांतर, त्यातून उद्भवलेला सांस्कृतिक ओळखीचा प्रश्न आणि या दोहोंचा स्त्रीजीवनावर झालेला आघात ही त्यांच्या कलेची प्रमुख आशयसूत्रे होत. चित्रकलेपासून प्रारंभ करून पुढे भित्तिरेखाटन, रंगभूमी, व्हिडिओ व छायाप्रक्षेपण यांचा मेळ घालणारी मांडणशिल्पे त्यांनी घडविली. भारतात व्हिडिओचा कलामाध्यम म्हणून वापर करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. तथापि माध्यमांच्या या नावीन्यापेक्षा विस्थापनाचा अनुभव कलाकृतीच्या रचनेतच उतरविण्याची त्यांची रीती अधिक महत्त्वाची आहे. त्यांच्या कलेचे सामर्थ्य या रीतीत आहे आणि तिच्या मर्यादाही याच रीतीच्या अनुषंगाने स्पष्ट होतात.

त्यांचा जन्म कराची येथे एका सिंधी कुटुंबात झाला. फाळणीच्या वेळी त्या जेमतेम दीड वर्षाच्या होत्या. कुटुंबाने प्रथम कोलकात्यात आश्रय घेतला आणि १९५४ मध्ये ते मुंबईस आले. तेथे सिंधी निर्वासितांसाठी उभारलेल्या वसाहतीत त्यांचे वास्तव्य होते. पंजाब व बंगाल या प्रांतांची फाळणीत विभागणी झाली; सिंध मात्र अखंडपणे पाकिस्तानात गेला. परिणामी भारतात आलेल्या सिंधी हिंदूंना आपल्या भाषेचा म्हणावा असा प्रदेश उरला नाही. त्यांची भाषा घरात राहिली आणि भूमी सीमेपलीकडे गेली. कराचीची स्वतःची अशी स्मृती मलानी यांना असणे शक्य नव्हते. त्यांच्या वाट्याला आल्या त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी. त्यांच्या कलेचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, कारण ती कला प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनेवर उभी नाही, ऐकलेल्या, अर्धवट सांगितलेल्या व पुष्कळदा मुद्दाम न सांगितलेल्या स्मृतीवर उभी आहे.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी १९६४ ते १९६९ या काळात शिक्षण घेतले. याच सुमारास भुलाभाई मेमोरिअल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करण्यास जागा मिळाली. तेथे चित्रकार, संगीतकार, नर्तक व नाट्यकर्मी शेजारी शेजारी काम करीत. पुढील काळातील त्यांच्या बहुमाध्यमी निर्मितीची बीजे या सहवासात शोधता येतात. अकबर पदमसी यांनी स्थापन केलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये त्यांनी १९६९ मध्ये चित्रपटाच्या माध्यमाशी प्रयोग केले. फ्रेंच शासनाच्या शिष्यवृत्तीवर १९७० ते १९७२ या काळात त्या पॅरिसमध्ये होत्या. भारतात परतल्यावर त्या प्रामुख्याने चित्रकलेकडे वळल्या. अर्पिता सिंग, नीलिमा शेख व माधवी पारेख यांच्यासमवेत त्यांनी १९८७ ते १९८९ या काळात थ्रू द लुकिंग ग्लास ही फिरती प्रदर्शने भरविली. भारतीय चित्रकर्त्रींनी एकत्र येऊन केलेल्या आरंभीच्या उपक्रमांत त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

उटोपिया (१९६९–७६) ही दोन पडद्यांवरील चित्रपटकृती त्यांच्या पुढील वाटचालीची पूर्वसूचना देते. एका बाजूस वास्तुकल्पनेच्या रंगीत, भौमितिक आकृतींतून साकारलेले नव्या भारताचे स्वप्न दिसते. तर दुसऱ्या बाजूस कृष्णधवल फितीत एक तरुणी मुंबईच्या दाट वस्तीकडे पाहत उभी असते. या दोन पडद्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत कृतीचा अर्थ आहे. नियोजनाच्या आराखड्यात सर्वांना घर आहे. प्रत्यक्ष नगरात मात्र ते नाही. विस्थापन ही केवळ फाळणीची घटना नाही, नगरात रोज घडणारी ती प्रक्रिया आहे, ही जाणीव येथे प्रथम प्रकट होते. पुढे मुंबईतील लोहार चाळ या गजबजलेल्या व्यापारी भागात त्यांची चित्रशाळा होती. तेथील हमाल, फेरीवाले, हातगाडीवाले व पदपथावर संसार थाटणारी माणसे त्यांच्या चित्रांत वारंवार येतात. गाव सोडून आलेल्या या माणसांना सिंधी निर्वासितांप्रमाणे वसाहत मिळाली नव्हती, की इतिहासात नाव मिळाले नव्हते. या दोन प्रकारच्या बेघरपणांना मलानी यांनी एका पातळीवर आणले. स्वतःच्या समाजाच्या दुःखापुरते आपले लक्ष मर्यादित न ठेवण्याची त्यांची वृत्ती येथे दिसते.

मांडणशिल्प या प्रकारात कलाकृती भिंतीवर टांगलेली अथवा चौथऱ्यावर ठेवलेली अशी स्वतंत्र वस्तू नसते. दालनातील सर्व अवकाश, त्यातील वस्तू, प्रकाश, ध्वनी आणि त्यांमधून वावरणारा प्रेक्षक हे सारे मिळून कृती सिद्ध होते. प्रदर्शन संपले, की पुष्कळदा ती उकलून ठेवावी लागते अथवा नष्ट होते. मलानी यांनी या नाशवंतपणालाच अर्थ दिला. मुंबईच्या गॅलरी केमोल्ड येथे १९९२ मध्ये सादर केलेल्या सिटी ऑफ डिझायर्स या कृतीत त्यांनी दालनाच्या भिंतींवरच नगरातील बेघरांच्या आकृती रेखाटल्या. नाथद्वारा येथील जुनी भित्तिचित्रे हेळसांडीमुळे नष्ट होत असल्याची पार्श्वभूमीही या कृतीस होती. प्रदर्शनाची मुदत संपताच ही रेखाटने पुसून भिंतींना पुन्हा पांढरा रंग देण्यात आला. विकत घेण्याजोगे काही मागे उरले नाही. रस्त्यावरील वस्ती जशी एका सकाळी उठविली जाते आणि दुपारपर्यंत तिचा मागमूस राहत नाही, त्याचा प्रत्यय या पुसण्यातून येतो. स्वतःच्या भित्तिरेखाटनाचे पुसले जाणे हाच प्रयोग मानून त्यांनी पुढेही निरनिराळ्या संग्रहालयांत अशा कृती सादर केल्या.

त्याच वर्षी, ६ डिसेंबर १९९२ रोजी, अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली व त्यानंतर मुंबईत भीषण दंगली उसळल्या. मिश्र वस्त्यांतील कुटुंबे आपापल्या धर्माच्या लोकांकडे निघून गेली. ज्या नगराने फाळणीच्या निर्वासितांना सामावून घेतले, तेच नगर आपल्या रहिवाशांना निर्वासित करू लागले. केवळ चित्रचौकटीतून या घटनांना सामोरे जाणे मलानी यांना अपुरे वाटू लागले. जर्मन नाटककार हाइनर म्यूलर याच्या नाट्यसंहितेवर आधारित आणि अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्या सहकार्याने मुंबईच्या मॅक्स म्यूलर भवनात १९९३ मध्ये सादर झालेली मीडिआविषयक कृती हे या वळणाचे ठळक चिन्ह होय. ग्रीक पुराणकथेतील मीडिआ ही प्रियकरासाठी मायभूमी सोडून परक्या नगरात आलेली व तेथे टाकली गेलेली स्त्री. तिच्या सूडाची कथा सर्वज्ञात आहे. मलानी यांनी भर दिला तो तिच्या परकेपणावर. पुढे त्यांच्या चित्रांत मीडिआ व सीता एकत्र अवतरतात, त्यामागेही हेच सूत्र आहे. दोघींच्या वाट्यास वनवास व परित्याग येतो आणि दोघींची ओळख पुरुषांच्या निर्णयांनी ठरते.

रिमेंबरिंग टोबा टेक सिंग (१९९८) हे त्यांचे सर्वांत सुविहित मांडणशिल्प म्हणता येईल. त्याचा आधार सआदत हसन मंटो यांची टोबा टेक सिंग ही उर्दू कथा. मंटो यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत घालविली आणि १९४८ च्या आरंभी ते लाहोरला गेले. विस्थापनाचा अनुभव त्यांनी उलट्या दिशेने घेतला होता. फाळणीनंतर दोन्ही देश आपापल्या वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांची धर्मानुसार अदलाबदल करतात. आपले गाव नेमके कोणत्या देशात गेले, हे न उमगलेला एक शीख रुग्ण अखेरीस दोन सीमांमधील कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो, असे हे कथानक आहे. मे १९९८ मध्ये भारताने पोखरण येथे व पाकिस्तानने चागाई येथे अणुचाचण्या केल्या. त्या घटनेने मलानी यांना या कथेकडे पुन्हा वळविले.

या कृतीत दालनाच्या समोरच्या भिंतीवर अणुस्फोटांची दृश्ये दिसतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकेक स्त्री असून त्या दोघी मधल्या अंतरापलीकडून एकच साडी घडी करण्याचा प्रयत्न करतात. जमिनीवर पत्र्याच्या १२ ट्रंका उघड्या ठेवलेल्या असून त्यांत रजया व छोटे दूरचित्रवाणी-पडदे आहेत. पडद्यांवर जगातील नाना ठिकाणच्या विस्थापितांची दृश्ये चालू असतात. जमीन चकचकीत असल्यामुळे भिंतींवरील दृश्यांचे प्रतिबिंब प्रेक्षकाच्या पायांखाली येते. फाळणीनंतरच्या पिढ्यांना पत्र्याची ट्रंक ही काय वस्तू आहे, हे सांगावे लागत नाही. घर सोडताना जे बरोबर घेता आले ते तिच्यात मावले. जे मावले नाही ते कायमचे सुटले. पुष्कळ घरांत ती माळ्यावर वा खाटेखाली वर्षानुवर्षे पडून राहिली. एका अर्थी त्या कुटुंबाचा तोच दप्तरखाना असतो. मलानी यांच्या कृतीत प्रेक्षकाला या ट्रंकांपाशी वाकावे लागते, आणि तो वाकलेला असताना समोर स्फोट होत असतो. निर्वासितांच्या सामानाकडे पाहण्याची आणि राष्ट्रशक्तीच्या प्रदर्शनाकडे पाहण्याची शरीरस्थिती एक नसते, हे येथे प्रेक्षकाला स्वतःच्या हालचालीतून कळते. साडीची घडी घालणे हे दोन माणसांचे नित्याचे घरकाम. टोके जुळली नाहीत तर घडी पडत नाही. सीमेविषयी एकही शब्द न उच्चारता तिचा अर्थ सांगणारी अशी प्रतिमा समकालीन भारतीय कलेत दुर्मिळ आहे. १९९९ मध्ये ही कृती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात (सांप्रत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) मांडली गेली. कलादालनांची पायरी सहसा न चढणारा सामान्य प्रेक्षक जेथे येतो अशा जागी ती दाखविली गेली, हेही महत्त्वाचे होय.

मलानी यांच्या तंत्रातही स्थलांतराचा इतिहास आहे. पारदर्शक पृष्ठभागाच्या मागील बाजूने चित्र रंगविण्याची पद्धती अठराव्या शतकात चीनमार्गे भारतात आली व येथील कारागिरांनी ती आपलीशी केली. मलानी यांनी ती चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून आत्मसात केली. नेहमीच्या चित्रात पार्श्वभूमी आधी व बारकावे शेवटी येतात. या पद्धतीत डोळ्याची बाहुली, दागिना, ओठ यांसारखे तपशील प्रथम रंगवावे लागतात व पार्श्वभूमी अखेरीस येते. एकदा लावलेला रंग मागाहून लावलेल्या रंगाखाली झाकला जातो, त्यामुळे चूक सुधारण्यास फारसा वाव नसतो. काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या नळकांड्यांवर मलानी यांनी अशी चित्रे काढली आणि ही नळकांडी छताला टांगून संथ गतीने फिरती ठेवली. त्यांतून प्रकाशझोत गेला, की भिंतींवर सावल्यांची मिरवणूक सुरू होते. तिच्यावरच व्हिडिओची दृश्ये पडतात व प्रेक्षकाची स्वतःची सावलीही तीत मिसळते. ट्रान्सग्रेशन्स (२००१) या कृतीत कालीघाट चित्रशैलीच्या आधाराने वसाहतकालीन सत्तासंबंध व जागतिक व्यापार यांवर भाष्य आहे. येथे कोणतीही आकृती एका जागी ठरत नाही. देवी, सैनिक, प्राणी, व्यापारी एकमेकांवरून सरकत जातात. एकाच्या देहातून दुसरा दिसतो. सांस्कृतिक ओळख ही शुद्ध व अखंड वस्तू आहे, या समजुतीला या सावल्या कोणताही युक्तिवाद न करता छेद देतात.

ओळख लादली जाते तेव्हा काय घडते, याचा शोध पुढील दोन कृतींत आहे. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारानंतर केलेल्या युनिटी इन डायव्हर्सिटी (२००३) या कृतीस राजा रविवर्मा यांच्या भारतातील विविध समाजांच्या स्त्रिया एकत्र वाद्ये वाजवीत बसल्या आहेत अशा प्रसिद्ध चित्राचा आधार आहे. मध्यमवर्गीय दिवाणखान्याचा आभास असलेल्या दालनात, सोनेरी चौकटीत हे चित्र हलू लागते व त्यातील सुसंवाद हिंसेच्या दृश्यांनी भंगतो. मदर इंडिया : ट्रान्सॅक्शन्स इन द कन्स्ट्रक्शन ऑफ पेन (२००५) ही पाच पडद्यांची व्हिडिओकृती समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या निबंधावरून स्फुरली व त्याच वर्षी व्हेनिस द्वैवार्षिकात दाखविली गेली. फाळणीच्या काळात दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे ७५,००० स्त्रियांचे अपहरण झाले असावे, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. त्यांना परत आणण्यासाठी भारताने १९४९ मध्ये कायदा केला. त्यानुसार कोणती स्त्री कोणत्या देशाची, हे तिच्या धर्मावरून ठरले. तिला स्वतःला कोठे राहावयाचे आहे, या प्रश्नाला त्यात निर्णायक स्थान नव्हते. म्हणजे या स्त्रियांचे स्थलांतर दोनदा झाले, आणि दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या इच्छेने. परतल्यावर अनेकींनी मौन धरले. या मौनाचे काय करावयाचे, हा मलानी यांच्या कलेपुढील सर्वांत कठीण प्रश्न आहे. कलावंताने त्यांच्या वतीने बोलावे, तर तोही त्यांच्या इच्छेविरुद्ध घेतलेला एक ताबा ठरतो. न बोलावे, तर अन्यायाचे विस्मरण होते. मदर इंडियामध्ये मलानी यांनी त्या स्त्रियांची कहाणी रचलेली नाही. राष्ट्राला माता म्हणून गौरविणाऱ्या रूढ प्रतिमा आणि जखमी स्त्रीदेह यांना एकमेकांशेजारी, एकमेकांवर आणून मौनाची कारणे त्यांनी दाखविली आहेत. या संयमामुळे कृतीस नैतिक बळ लाभले आहे.

हा संयम सर्वत्र टिकलेला नाही. इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड (२०१२) हे कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनासाठी केलेले भव्य छायामांडणशिल्प त्यांच्या कीर्तीचे शिखर मानले जाते. त्याचे शीर्षक फैज अहमद फैज यांच्या एका कवितेवरून घेतलेले आहे. त्यात क्रिस्टा वोल्फ हिच्या कादंबरीतील कॅसांड्रा, महाश्वेता देवी यांच्या कथेतील द्रौपदी, तसेच रिल्के व म्यूलर यांच्या लेखनातील संदर्भ एकत्र येतात. पाच फिरती नळकांडी व सहा व्हिडिओप्रक्षेपणे यांनी भारलेल्या दालनात प्रेक्षक क्षणभर हरवून जातो, हे खरे. पण तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मनात विशिष्ट स्त्रीची वेदना राहते की सावल्यांचे सौंदर्य, असा प्रश्न उरतो. ट्रॉयच्या पाडावानंतर कैदी म्हणून नेलेली आणि जिच्या भविष्यवाणीवर कोणी विश्वास ठेवीत नाही अशी कॅसांड्रा हे प्रतीक समर्पक आहे. तथापि मिथक जितके व्यापक, तितके उत्तरदायित्व पातळ होते. महाश्वेता देवींची आदिवासी नायिका एका निश्चित काळात, निश्चित शासनयंत्रणेच्या हाती सापडलेली आहे. कॅसांड्राच्या रांगेत उभी केल्यावर तिच्यावरील अत्याचार सनातन नियतीसारखा भासू लागण्याचा धोका संभवतो. ट्रंका व साडी यांना भाष्याची गरज नव्हती. येथे मात्र संदर्भ ठाऊक नसलेल्या प्रेक्षकास पुस्तिकेचा आधार घ्यावा लागतो. हे संदर्भ ओळखणारा प्रेक्षक प्रायः आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांचा असतो, लोहार चाळीतला नसतो.

या आक्षेपास एक उत्तर देता येईल. निर्वासिताच्या घरात पुस्तके, गाणी व कथा अशाच तुकड्यांनी येतात. ज्याला एकसंध वारसा मिळाला नाही, तो मिळतील त्या तुकड्यांतून आपली परंपरा जोडतो. या दृष्टीने पाहता मलानी यांचे संदर्भबाहुल्य हे पांडित्याचे प्रदर्शन नाही, एक प्रकारची वळकटीच ती. हे समर्थन बव्हंशी मान्य करण्यासारखे आहे. परंतु वळकटीत काय घ्यावयाचे व काय सोडावयाचे, याची निवड तिथेही करावीच लागते. आणि जेथे मलानी यांनी ती कठोरपणे केली, तेथेच त्यांची कला सर्वाधिक परिणामकारक झाली आहे. पुसल्या जाणाऱ्या रेखाटनांविषयीही अशीच एक विसंगती नोंदविली पाहिजे. बाजारपेठेला नकार म्हणून जन्मलेले हे कर्म पुढे जगातील मोठ्या संग्रहालयांच्या कार्यक्रमांचा भाग झाले. मान्यता पावलेल्या संस्थेत पूर्वसूचना देऊन केलेले पुसणे हे १९९२ च्या पुसण्याइतके बोचत नाही.

उतारवयातही त्यांनी माध्यम बदलले. कॅन यू हिअर मी? (२०१८–२०) या कृतीत टॅब्लेट-संगणकाच्या पडद्यावर बोटाने काढलेली ८८ छोटी चलत्-चित्रे असून ती लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत २०२० मध्ये भिंतींवर एकाच वेळी प्रक्षेपित करण्यात आली. कठुआ येथे २०१८ मध्ये आठ वर्षांच्या बालिकेवर झालेल्या अत्याचाराची व हत्येची घटना तिच्या मुळाशी आहे. ही बालिका गुरेमेंढरे घेऊन फिरणाऱ्या भटक्या बकरवाल समाजातील होती, याची आठवण ठेवली म्हणजे स्थलांतर, ओळख व स्त्रीदेह यांचा जुना धागा येथेही अखंड असल्याचे दिसते. येथे पौराणिक नायिकेचा आडोसा नाही. ओरखड्यांसारख्या घाईच्या रेषा आहेत आणि शीर्षकातील साधा प्रश्न आहे. पूर्वीच्या भव्य छायाकृतींत सैल झालेली पकड या कृतीत पुन्हा घट्ट झाली आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या समकालीन कलावृत्तीतून त्यांनी माय रिॲलिटी इज डिफरंट (२०२२) ही कृती केली. तीत तेथील व बाथच्या होल्बर्न संग्रहालयातील यूरोपीय अभिजात चित्रांवर त्यांची चलत्-रेखाटने वावरतात व त्या चित्रांतील दुर्लक्षित व्यक्तींकडे लक्ष वेधतात.

फुकुओका पुरस्कार (२०१३), जोन मिरो पुरस्कार (२०१९) व क्योटो पुरस्कार (२०२३) हे त्यांना लाभलेले काही प्रमुख सन्मान होत. त्यांची सिंहावलोकनी प्रदर्शने नवी दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयात (२०१४), पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात (२०१७–१८) आणि तूरिनजवळील कास्तेल्लो दी रिवोली येथे (२०१८) भरली.

फाळणीवर भारतीय साहित्याने विपुल लिहिले; दृश्यकलेत मात्र दीर्घकाळ तिचा उल्लेख तुरळकच राहिला. ही उणीव भरून काढणाऱ्या कलावंतांत मलानी यांचे स्थान वरचे आहे. गमावलेल्या घराचे स्मरणरंजन त्यांनी केले नाही आणि एका समाजाच्या जखमेचा उपयोग दुसऱ्या समाजाविरुद्ध होऊ दिला नाही. फाळणी प्रत्यक्ष अनुभवलेली पिढी झपाट्याने अस्तंगत होत असता तिच्या आठवणींवर हक्क सांगणारे वाढत जातात. अशा काळात ऐकीव स्मृती प्रामाणिकपणे कशी हाताळावी, याचा एक नमुना त्यांच्या उत्तम कृतींनी घालून दिला आहे. न जुळणाऱ्या साडीची दोन टोके त्यांनी जुळवून दाखविली नाहीत. ती हाती धरून उभ्या असलेल्या दोन स्त्रियांच्या मध्ये प्रेक्षकास आणून उभे केले.